राहिलेली ओळ
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पावण्याच्या कारखान्यांत वितळत्या पितळेचा वास आला, की जुईनगरचं ते घर आठवतं. तिथे मी बायबलचा अभ्यास घ्यायचो. त्या बुधवारी ख्रिस्ताचं दर्शन वाचत होतो: ज्वालेसारखे डोळे, भट्टीतल्या सोनपितळासारखे पाय, आणि ते पाहून मेल्यासारखा कोसळलेला त्याचा शिष्य योहान. अभ्यासाला येणाऱ्या, दोन दिवसांत ऑपरेशन असलेल्या एका मावशींनी विचारलं, “ब्रदर, मंग तो रागावला का वो?” उत्सुकता ताणायला मी हसलो, “पुढच्या बुधवारी, मावशी!” त्याआधीच मावशी गेल्या. “आई शेवटपर्यंत त्या डोळ्यांना भीत होती,” त्यांची मुलगी म्हणाली. पुढच्याच ओळीत ख्रिस्त योहानावर हात ठेवून ‘भिऊ नको’ म्हणतो. ती ओळ मी का थांबवली, हे त्या मुलीला सांगणं माझ्यावर अजून बाकी आहे.