डाव्या चपलेची परी

कारध्याच्या घाटावर वैनगंगा कोणाच्या मालकीची, असं मला कोणी विचारलं तर मी सरकारचं नाव घेणार नाही, आमच्या मोठेबाबांचं घेईन. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. धान त्यांनी जन्मभर पिकवलं, पण खरा धंदा जलपरीच्या मुखत्याराचा. घाटाखालच्या डोहात ती राहते, कमरेवर बाई, खाली मासोळी, आणि तिच्याशी थेट बोलणं असलेला माणूस जिल्ह्यात एकच. तिचे आदेश रोज निघत. साबण चालत नाही. मोबाईलवरची गाणी चालत नाहीत. तिला तंबाखूचा वास सहन होत नाही, असंही ते सांगत, गालात तंबाखू धरून.

मुख्य आदेश चपलेचा. डोहात उतरणाऱ्या प्रत्येकाने डावी चप्पल मोठेबाबांकडे जमा करायची, म्हणजे परी पाय ओढत नाही. छत्रीखाली बसून ते चपलांची रांग लावत, बाहेर येईल त्याला त्याची चप्पल परत देत, आणि रांग रिकामी झाल्याशिवाय जेवत नसत. मोठीआई डबा घेऊन यायची आणि घाटभर ऐकू जाईल असं विचारायची, "लग्नाची मी हाओ, का थे मासोळी?"

मी मात्र गोष्टींवर नाही, पत्रकांवर वाढले. बाविसाव्या वर्षी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं : 'डोहात परी नाही, डोक्यात भीती आहे.' त्यातला बिनतोड मुद्दा हा, की जिला पायच नाहीत तिला चप्पल कशाला? घाटावर ते मी खड्या आवाजात वाचलं. मोठेबाबांनी एक प्रत मागून घेतली आणि दगड तापला होता म्हणून तिच्यावर बसले.

"खरं सांगा, तुम्ही तिला पाहिलंय?"

"पाह्यलं ना."

"कशी आहे?"

"तुयासारखी चष्मेवाली नाई."

लोक हसले. मग पुरावाच द्यायचं ठरवलं. एका रविवारी, चप्पल न देता, डोह पोहून दाखवणार असं मी जाहीर केलं.

"चप्पल दे वो पोरी."

"देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व ठेव तुयापाशी, चप्पल मले दे."

मी दोन्ही चपला लांब झुडपामागे लपवल्या, पत्रकांचा गठ्ठा दगडाखाली ठेवला आणि उडी मारली. क्रांती बघायला आलेले लोक थोड्याच वेळात कंटाळून आंघोळीला लागले. पलीकडच्या खडकामागे माझ्या पायात गोळा आला. खडकाला मिठी मारून मी ओरडत राहिले. मध्ये खडक, ऐकणार कोण?

इकडे रांग रिकामी झाली. मोठीआईने डबा उघडला. मोठेबाबा हात लावेनात.

"आता काहून जेवत नाई? चपला तं सरल्या."

"चपला सरल्या. पन थे कागद कोनाचे व?"

त्यांनी लगेच नावाड्याला डोंगा घेऊन पिटाळलं. मी काठावर आले ती ओकाऱ्या काढत. आता व्याख्यान होणार, असं वाटलं. मोठेबाबांनी फक्त टॉवेल दिला आणि हळूच म्हणाले, "तुया कागदात एक गोष्ट बराबर हाय. चप्पल तिले कायले पाहिजे? मले पाहिजे."

आता त्यांचे गुडघे गेलेत, ते तुमसरला लेकीकडे असतात. छत्रीखाली मी बसते. सुरुवातीला मी लोकांना स्पष्ट सांगायची, "कोण आत आहे ते कळावं म्हणून चप्पल ठेवा." एकानेही ठेवली नाही. हल्ली मान खाली घालून म्हणते, "परी मागते." पटापट रांग लागते. यावर पत्रक कसं लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

दुपारी त्यांचा फोन येतो.

"रांग?"

"रिकामी."

"जेवली?"

"आता जेवते."

मग आवाज खाली आणून विचारतात, "थे काही म्हने का?"

उन्हात डोह पसरलेला असतो. त्यात परी नाही, हे मी आजही कुठेही सही करून देईन.

"म्हणत होती," मी सांगते, "तुमच्याशिवाय करमत नाही."