सोबत कोण आहे?

मला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या उन्हाळ्यात मी दोन ठिकाणांहून एकदमच बाहेर पडले. एक, वर्ध्यातलं मुलींचं बालगृह. आई गेल्यावर मी तिथेच वाढले. दुसरं, दवाखान्यातला मुलांच्या मानसिक आजारांचा विभाग. बालगृहात आल्यावर माझं एक सुरू झालं होतं. खोलीचं दार लागलं की छाती धडधडायची, हातपाय थरथरायचे आणि समोर येईल त्याला ढकलून मी बाहेर पळायचे. अशाच एका पळण्यात अधीक्षिकाबाईंचा हात दारात चेंगरला. त्या रागावल्या नाहीत, मला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि मग वर्षानुवर्षं नेत राहिल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलताना दार सताड उघडं ठेवत. बाहेरचे लोक डोकावून बघत, तरी ठेवत.

शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, “आता तू मोठी झालीस. यापुढे मोठ्यांच्या विभागात जायचं. मी तिकडे सांगून ठेवलंय.”

“तुम्ही नसणार?”

“मी इथेच आहे गं. पण तुला आता तिकडेच जावं लागेल.”

अठराच्या पुढच्या मुलींसाठी आणखी एक संस्था होती, जिल्ह्याबाहेर. मला पुन्हा कुठल्याही संस्थेत जायचं नव्हतं. अधीक्षिकाबाईंनी नालवाडीत एका निवृत्त मास्तरांच्या घरामागची खोली आणि बाजारात कापडाच्या दुकानात काम मिळवून दिलं, आणि लगेचच त्यांची बदली झाली.

गोळ्या संपत आल्या तशी मी मोठ्यांच्या विभागात गेले. लांबलचक बाकं, आणि प्रत्येकाच्या शेजारी कोणीतरी बसलेलं. कोणाची आई, कोणाचा भाऊ. खिडकीतल्या माणसाने न बघताच विचारलं, “सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“पेशंट कुठं आहे?”

“मीच.”

आता त्याने वर पाहिलं. “घरचं कोणी घेऊन ये. इथं एकट्या पेशंटला पाहत नाईत.”

“घरचं कोणी नाही.”

“असं कसं? कोणी ना कोणी असंलच ना बाप्पा!” म्हणून त्याने माझ्यामागच्या माणसाचा कागद ओढून घेतला.

मी मुलांच्या विभागाकडे वळले. दारापर्यंत गेले. बाकावर लहान लहान पोरं पाय हलवत बसली होती. त्यांच्यात जाऊन उभं राहायची मला लाज वाटली. तशीच परत आले आणि पुन्हा गेले नाही.

गोळ्या संपल्यावर काही दिवस काहीच झालं नाही, म्हणून मी खुशीत होते. मग पाय सुरू झाले. एका जागी बसवेना. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी घडी केलेली लुगडी उलगडून पुन्हा घडी करायचे. सुट्टीच्या दिवशी आंजीच्या बसमध्ये बसायचे, आंजीला उतरायचे आणि त्याच बसने परत यायचे. खिडकीतून झाडं मागे पळत असली की आतलं काहीतरी थोडा वेळ गप्प व्हायचं. जेवण जाईना. मास्तरांची बायको म्हणायची, “पोरी, दार लावत जाय, कुत्रे शिरतात.” मी हो म्हणायचे आणि उघडंच ठेवायचे.

एका दुपारी बाजारातून अंत्ययात्रा निघाली. प्रेत समोरून जाईपर्यंत दुकानाचं शटर खाली ओढून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. शेठजींनी शटर ओढलं. पुढचं मला तुटक आठवतं. मी काउंटरवरून उडी मारली, काचेचं कपाट फुटलं, शटरखालून सरपटत मी रस्त्यावर आले, आणि खांदेकरी जागच्या जागी थांबले. प्रेतामागून चालणारा एक म्हातारा मला म्हणाला, “काय झालं बाई, तुमच्या नात्यातले होते काय?”

शेठजी भला माणूस. ओरडले नाहीत. “बेटा, तू घरी जाय. आराम कर,” एवढंच म्हणाले. परत ये म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आर्वीला गेले. माझ्याबरोबर बालगृहात वाढलेली मैत्रीण तिथे राहायची. ती माझ्याहून वर्षभराने मोठी, म्हणून वर्षभर आधी सुटलेली. लहानपणी आम्ही दोघी एकाच दिवशी दवाखान्यात जायचो. तिला माणसं आपल्यावर टपून आहेत असं वाटायचं. बाहेर पडल्यावर शिलाईच्या दुकानात लागली होती, छान चाललंय म्हणत होती.

तिने दार बोटभर उघडलं. “तू काऊन आली?”

“अशीच.”

मला आत ओढून तिने कडी लावली. खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. काम कधीच सुटलं होतं. “थे भिंतीपलीकडचे लोक दिवसभर माह्यं नाव घेऊन राह्यले,” ती म्हणाली. शिजवलेलं ती खात नव्हती, कोणी काही घातलं असेल म्हणून. फक्त केळी खायची, स्वतः सोलून.

मला बंद खोली चालेना, तिला उघडं दार चालेना. शेवटी दार अर्धं उघडून मी उंबऱ्यावर बसायचे आणि ती त्याच दाराच्या आडोशाला कोपऱ्यात. असे काही दिवस काढले. तिच्याकडे बघून मला भीती वाटायची, आणि ही भीती तिच्यासाठी की माझ्यासाठी ते कळत नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की ती उसळायची. “मले काई नाई झालं!”

एका सकाळी मी म्हटलं, “मले जायचं आहे दवाखान्यात. एकटीले घेत नाईत. तू चाल माह्यासंगं.”

ती उठली आणि तिने वेणी घातली.

बसमध्ये ती ठीक होती. आंजीला बस थांबली तेव्हा कंडक्टरने तिकीट पंचाने दांडीवर टकटक केली आणि ती ताडकन उठून उतरलीच. मी मागे धावले. आमची पिशवी घेऊन बस निघून गेली. ती एका चहाच्या टपरीमागे भिंतीला पाठ लावून उभी होती.

“त्यानं इशारा केला,” ती म्हणाली.

“कोणी इशारा नाई केला!” मी ओरडले, आणि ओरडताना माझेच हात थरथरायला लागले. थांबेचनात. मी खाली बसले. तिने वाकून माझी मनगटं घट्ट धरली, लहानपणी धरायची तशी.

“गोळ्या काऊन सोडल्या?” तिने दरडावलं.

“तू बी सोडल्या ना.”

“माह्यी गोष्ट अलग आहे.”

हे ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला हसू फुटलं. ती आधी रागावली, मग तीही हसली. चहावाला आमच्याकडे बघतच राहिला. पुढच्या बसने आम्ही वर्ध्याला पोहोचलो.

खिडकीत तोच माणूस. “सोबत कोण आहे?”

मी तिच्याकडे बोट दाखवलं. “ही.”

“आणि पेशंट?”

“ही,” ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

“हीसुद्धा पेशंटच आहे,” मी म्हटलं.

“मी नाई! मी हिच्यासंगं आली!”

“एक काहीतरी सांगा ना,” तो माणूस वैतागला. गलका ऐकून आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी दोघींकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “दोघी आत या.”

आम्ही बसलो आणि त्यांनी सवयीने दार लोटलं. मी उठले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “उघडं ठेवा. तिले जमत नाई.” बाहेर एवढी माणसं, आणि ती दाराकडे पाठ करून, डोळे मिटून, मुठी आवळून बसली. तेव्हा मला रडू आलं.

तिला दाखल करून घेतलं. माझ्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिची नातेवाईक म्हणून मी वॉर्डातच राहिले. ती पहिल्यांदा वरणभात जेवली त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला लोणच्याची फोड दिली. पुढे नालवाडीच्या खोलीत आम्ही दोघी राहिलो, दारावरून भांडत. मी बचतगटांचं काम धरलं. त्यात गावोगाव फिरायचं असतं, एका जागी बसावं लागत नाही. अजूनही माझे पाय शांत नाहीत. वर्षभर एका खोलीत राहिले की मला ती खोली टोचायला लागते. ती मधे एकदा पुन्हा घसरली, सावरली, आणि हिंगणघाटला शिवणकाम करताना तिने तिथल्याच एकाशी लग्न केलं. त्याला सगळं माहीत आहे. सासूला नाही.

सासूसाठी मी तिची सख्खी बहीण. दिवाळीत मी गेले तेव्हा सासूबाईंनी जेवताना विचारलं, “तुमचे वडील पोस्टात होते म्हणे?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून पोळी लाटत होती. “हो,” मी म्हटलं, “आर्वीच्या पोस्टात.”

“तुमच्यावर फार जीव होता म्हणे त्यांचा.”

“फार.”

निघताना ती बसस्टँडपर्यंत सोडायला आली. मी विचारलं, “पोस्टात काऊन टाकलं त्याले?”

“काऊन, तुले आवडला नाई काय बाप?” ती म्हणाली. बस लागली होती. मी चढले तरी ती खिडकीखालून सांगतच होती, की पुढच्या खेपेला सासू भावाचं विचारणार आहे, तवा आपला एक भाऊ आहे, पुलगावले राह्यते, ध्यानात ठेवजो.