केसभर सरकलेली पिन

आमच्या खाली राहणाऱ्या बाई ऑफिसातून आल्या की गॅलरीत इलेक्ट्रिक गिटार बनवायला बसतात. लेक डावखुरी, तिच्या हाताची गिटार सोलापुरात मिळेना. फळीखाली साचा ठोकायचा आणि तो टेबलावरच्या पिनेला टेकवून फिरवायचा. वरचं राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, फळी साच्याबरहुकूम कोरतं.

परवा पिन केसभर सरकली आणि वायरी बसवायचा खड्डा तिरका झाला. तिसरी फळी होती.

मी म्हटलं, "वरून झाकण बसतंय की. कुणाला दिसणार?"

बाईंनी करवत घेतली आणि फळीचे दोन तुकडे केले. "ही घरात राहिली, तर उद्या मीच म्हणेन, चालतंय."

काल चौथ्या फळीवर खड्डा सरळ उतरला. त्यांनी चष्म्यावरचा भुसा पुसला आणि खड्डा पुन्हा मोजून बघितला.