कडक पाकाचा तिळगूळ

गुळाच्या पाकाचा वास आला की धारूरची ती संक्रांत आठवते. शेताच्या बांधावरून वडील आणि चुलते रोज भांडायचे. म्हणून आईने चुलत्यांना तिळगुळाला बोलावलं, पण आता दोघं काय बोलतील या धास्तीत तिचा पाक फार पुढे गेला. दोघांनी एकमेकांना लाडू दिला, ‘गोड बोला’ म्हणत तोंडात टाकला अन् दोघांचीही दातखीळ बसली. समोरासमोर नुसते डोळे वटारत राहिले. मी पाणी आणायला उठले, तर आई म्हणाली, “कावून उठलीस? लई दिवसानं दोघं गप बसलेत. बसू दे.” आधी चुलत्यांचे खांदे हलायला लागले, मग वडिलांचे. आता मला पाक नेमका जमतो, पण दोन्ही घरं जमणार असली की मी तो मुद्दाम जास्त उकळते.