पायमशीनवरची मावशी गाडी शिकते

माझी धाकटी मावशी शिलाईच्या कारखान्यात पायमशीन चालवायची. कारखाना हे नुसतं नावच मोठं. भाजीबाजाराच्या मागं पत्र्याच्या छपराखाली एक लांबट खोली, खिडकीच्या कडेनं ओळीनं मशिनी, मधोमध कापड बेतायचं टेबल आणि कोपऱ्यात रिळांचा ढीग. दवाखान्यातल्या पेशंटचे झगे, चादरी, उशांचे अभ्रे तिथं शिवले जायचे. बायका सात, त्यांत सगळ्यांत जुनी मावशी. तिनं घातलेली शिवण उसवायला गेलं तर आधी कापड फाटायचं. बोलणंही तसंच. एकदा बोलून गेली की ते उसवायची सोय नाही.

एक दिवस मालक टेबलाशी येऊन उभा राहिला. जागा सोडावी लागणार होती. नवी शेड मिळाली होती ती गावाबाहेर, चढ चढून पलीकडं, जिथं बस जात नाही.

"जुनी व्हॅन तुमच्या हवाली करतो," तो म्हणाला. "पण ड्रायव्हर ठेवणं मला परवडत नाही. तुमच्यातल्या एकीनं लायसन काढा आणि सगळ्या मिळून या. नाहीच जमलं, तर मग मला तिकडच्या बायका बघाव्या लागतील. राग मानू नका."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली तशी सगळ्यांना एकदम काम सुचलं. कोणी सुईत दोरा ओवायला लागली, कोणी ओवलेला काढायला. कापड बेतणाऱ्या बाईला सगळे कात्री म्हणायचे, आणि ते काही फक्त तिच्या कामामुळं नव्हे. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. मी सायकलवरून पडलेली बाई आहे. तेही स्टँडवर लावलेल्या."

"मी शिकते," मावशी म्हणाली.

"तू? मग मी आत्तापासूनच चालत निघते. शेड उघडेपर्यंत पोचेन."

घरी काकांची तीच तऱ्हा. काका रंगारी. शेजारच्या भिंतीला लावलेल्या शिडीवरून खाली वाकून त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू रस्त्यावर गाडी काढणार असशील तर मी काही दिवस शिडीवरच राहतो."

"राहा. जेवण खाली झाकून ठेवते," म्हणून मावशी आत गेली.

गाडी शिकवणारा मास्तर सुकलेल्या शेंगेसारखा होता. शिकाऊ गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि इतक्या वर्षांत त्याच्या पायाला अशी सवय लागली होती की झोपेतही तो दाबायचा, अशी त्याच्या बायकोची तक्रार. पहिल्या दिवशी मावशीनं दोन्ही पाय एकाच क्लचवर ठेवले, एक जरा पुढं, एक जरा मागं, आणि टाच-चवडा, टाच-चवडा सुरू केलं. गाडीला उचकी लागली.

"बाई, हे काय चाललंय?"

"चालवतेय की."

"ही मशीन नव्हे. डावा पाय क्लचला. उजवा ब्रेकला आणि अॅक्सिलरेटरला. दोघांची कामं वेगळी."

"आणि डाव्यानं काम झाल्यावर नुसतं बसून राहायचं? बरंय त्याचं. आमच्या घरातल्या माणसासारखं."

पण मावशी कामाची बाई. मास्तरनं सांगितलं, क्लच हळूहळू सोडा, इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडी थरथरली की पाय तिथंच धरा. ते तिला चटकन कळलं. जाड कापड सुईखाली आलं की मशीनचा आवाज असाच बसतो. इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला तर तिनं तो पहिल्याच फेरीत काढला. गळ्याची गोलाई शिवताना सुईकडं बघायचं नसतं, पुढं येणाऱ्या कापडाकडं बघायचं असतं. तिची नजर आपसूक पुढच्या वळणावर जायची आणि हात तिच्यामागून. मागं घेण्यानं मात्र तिला रडकुंडीला आणलं. पायमशीन उलटी फिरली की दोरा तुटतो, त्यामुळं उलटं जाणं म्हणजे नुकसान हे हाडात मुरलेलं. रिव्हर्स टाकला की तिचे खांदे वर चढायचे आणि गाडी बंद पडायची. तेही हळूहळू जमलं. मान मागं वळवायची, घाई करायची नाही, चाक थोडं फिरवायचं आणि गाडी काय म्हणते ते बघायचं.

एकच गंमत होती. मास्तर "थांबा" म्हणाला की गाडी थांबायची आणि मावशीच्या बाजूची काच चार बोटं खाली यायची. दर वेळी. मास्तरला वाटलं, बाईला उकडत असेल. तो दुसऱ्या दिवसापासून काच आधीच उघडून ठेवायला लागला.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाबाहेर थांबला आणि त्याच्या जागी परीक्षा घेणारे साहेब बसले. मावशीनं आठ काढला, साहेबांनी मान हलवली. खांबांमधून मागं घेतली, साहेबांनी परत मान हलवली. मग सरळ जाताना साहेब अचानक म्हणाले, "थांबा."

मावशीचा उजवा हात स्टेअरिंग सोडून बाजूला गेला आणि दारावरच्या काचेच्या हँडलवर दाबून बसला. काच खाली आली. गाडी आपली पुढंच. पांढरी रेघ गेली, दोन प्लास्टिकचे शंकू आडवे झाले, शेवटी साहेबांनीच त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला.

"बाई," साहेब कपाळ पुसत म्हणाले, "हवाच खायची असेल तर उतरून खा."

नापास. पुढची तारीख कारखाना हलायच्या आदल्या आठवड्यातली मिळाली, त्यानंतरची कामाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशी कारखान्यात आली आणि मान खाली घालून अभ्रे शिवत सुटली. दुपारी मास्तर एक पँट घेऊन आला. पँट अल्टर करायची होती म्हणे, पण खरं तर तोंड दाखवायला आला होता, कारण कुठं चुकलं ते त्यालाही कळलं नव्हतं. तो दारात उभा असतानाच पलीकडच्या मशीनवरची बाई ओरडली, "मावशी, थांब! अभ्रा उलटा लागलाय!"

मावशीचा उजवा हात मशीनच्या चाकावर गेला. तळवा दाबला. मशीन जागच्या जागी थांबली. पाय पायडलवर तसेच.

मास्तरच्या हातातली पँट खाली पडली. "धरा! हाच तो हात!"

"मास्तर, पँट उचला आधी," कात्री म्हणाली. "हातातली पडली म्हणून बरं, अंगातली असती तर आम्ही कुठं बघायचं?"

मास्तर हसलासुद्धा नाही. तो तिथंच स्टुलावर बसला आणि स्वतःच्या पायाकडं बघायला लागला. थांबायचं म्हटलं की बाईचा हात उजवीकडं चाक शोधत जातो. तिथं चाक नसतं, काचेचं हँडल असतं. आणि गाडी थांबत होती ती याच्या पायानं. "इतके दिवस ब्रेक मीच मारत होतो," तो म्हणाला. "बाईंनी एकदाही मारलेला नाही."

मावशी म्हणाली, "दिवसभर मी हातानं थांबते. संध्याकाळी तासभर पायानं थांबायला शिकते. ऐकणार कोणाचं?"

"मग दिवसभराचं बंद कर," कात्री म्हणाली. "मशीनवरून ऊठ. परीक्षा होईपर्यंत बसायचं नाही. काजं कर, बटणं लाव. तुझ्या मशीनवर मी बसते."

"तू? तुझी शिवण बघून पेशंट पळून जातील."

"जाऊ देत. बरे झाले म्हणतील."

मावशी उठेना. मशीनवरून उठायचं म्हणजे तिला अंगावरचं पातळ फेडून दिल्यासारखं वाटत होतं. कारखान्यात नवीन आलेल्या पोरींना बटणं लावायला बसवतात, तिथं आता ही बसणार. तिनं चाकावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. तेवढ्यात कात्रीनं टेबलावरची कात्री बाजूला सरकवली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "अगं, तिकडच्या बायका घेतल्या तर मला कोण ठेवणार आहे? ऊठ."

मावशी उठली.

कात्रीनं शिवलेले झगे मावशीला संध्याकाळी गुपचूप उसवावे लागायचे, पण हातानं, बसून, सुईनं. कापड बेतायचं काम बाकीच्यांनी आपसात वाटून घेतलं. मावशीच्या पायांना दिवसभर सुट्टी. पहिले काही दिवस ते बाकड्याखाली आपोआप टाच-चवडा करायचे, मग थंडावले. आणि बाजार उठल्यावर रिकाम्या मैदानात, एका कडेला भाजीची खोकी रचलेली असायची तिथं, मास्तरनं आपल्या परीनं उपाय केला. चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसला.

"हे काय?" मावशीनं विचारलं.

"माझा पाय माझं ऐकत नाही. बांधून ठेवलाय. आता गाडी थांबली तर तुमच्यामुळं."

"आणि नाही थांबली तर?"

"तर आपण दोघंही त्या खोक्यांत."

पहिल्या वेळी खोक्यांतच गेली. रिकामी होती म्हणून निभावलं. हात उजवीकडं निघाला, मध्येच त्याला आठवण झाली, आणि पाय पोचेपर्यंत उशीर झालेला. दुसऱ्या वेळी खोक्यांना नुसता धक्का लागला. मग एका संध्याकाळी मास्तर "थांबा" म्हणाला आणि गाडी खोक्यांच्या बऱ्याच अलीकडं उभी राहिली. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मास्तर मांडी घातलेल्या जागी अर्धा हात पुढं गेला आणि त्याचं कपाळ काचेवर आपटलं.

"जोरात दाबलात," तो कपाळ चोळत म्हणाला. पण तोंडभर हसत होता.

दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब. बसल्याबसल्या त्यांनी पट्टा दोनदा ओढून बघितला. या वेळी "थांबा" म्हणाले तशी गाडी थांबली. मग चढावर नेऊन उभी करायला लावली, आणि तिथून पुढं काढताना मावशीनं क्लच जरा लवकर सोडला. इंजिन बंद. गाडी बोटभर मागं सरकली. पण मावशीचा पाय ब्रेकवर गेला होता. हँडब्रेक ओढला, गियर काढला, परत चालू केली, आवाज जड होईपर्यंत क्लच सोडला आणि चढ चढून वर आली. साहेब कागदावर काहीतरी खरडत होते.

"साहेब, एकदा बंद पडली," मावशी आपणहून म्हणाली.

"बंद माझीपण पडते," साहेब म्हणाले. "चालू करता आली ना? मग झालं."

शेड उघडायच्या दिवशी सकाळी व्हॅन भाजीबाजारामागून निघाली. मागं पाच जणी एकमेकींच्या मांडीवर टेकल्यासारख्या, पुढं मावशीशेजारी कात्री, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून. काका शिडीवरून उतरून कोपऱ्यापर्यंत आले होते, रंगाचा ब्रश हातात तसाच. चढावर कात्रीनं डोळे मिटले ते सपाटीला लागल्यावर उघडले.

शेडचं फाटक मात्र अरुंद निघालं. आत वळायला जागा नाही, संध्याकाळी सरळ बाहेर पडायचं तर गाडी मागंच घालायला हवी. सगळ्या खाली उतरल्या आणि एकदम सुरू झाल्या. "डावीकडं!" "नको, उजवीकडं!" "अगं भिंत!" "ये, ये, ये!"

मावशीनं खिडकीतून डोकं काढलं. "आत जा गं सगळ्या. मशिनी पुसून ठेवा. मी आले."

त्या गेल्या. एकटी कात्री फाटकाला पाठ लावून राहिली. मावशीनं मान मागं वळवली, चाक थोडं फिरवलं आणि गाडी काय म्हणते ते बघितलं. पहिल्यांदा तिरकी आली, म्हणून परत पुढं काढली. पुन्हा मागं घेतली तेव्हा आरसा कात्रीच्या पोटापासून वीतभर अंतरावरून गेला. कात्रीनं पोट आत ओढलं, पण हलली नाही.

"जमलं की गं," ती म्हणाली.

"बाजूला हो आता," मावशी म्हणाली. "दार उघडायचंय मला."