पेटीवरची शिरोरेघ

तुमच्या खोलीत, पलंगाच्या वर, माझ्या पेटीचा फोटो लावलेला आहे. मागच्या व्हिडिओ कॉलवर तो मला दिसला. धाकटीनं विचारलं, "आजी, ती हँडलवाली पेटी टेबलावर का नाही आता? दाखव ना." आणि मी तुमच्या परीक्षेचा विषय काढला. परीक्षा अजून लांब होती, हे मलाही ठाऊक होतं.

वर्गात कुणी उत्तर टाळून भलतंच बोलू लागलं तर मी त्याला उभं ठेवत असे. तेव्हा स्वतःलाही सूट नको. जे कॅमेऱ्यासमोर सांगता आलं नाही ते लिहून पाठवते आहे. अडेल तिथे आईला विचारा. मात्र तिनं काही गाळून वाचू नये.

निवृत्तीनंतर मी जुनी मोजण्याची यंत्रं दुरुस्त करू लागले हे तुम्हाला माहीत आहे. काट्यांचे मीटर, व्हॉल्व्हचं एक व्होल्टमीटर, आणि तो ऑसिलोस्कोप, ज्याचा हिरवा ठिपका अजून मला वाकुल्या दाखवतो. गल्लीत सुरुवातीला म्हणत, "बाई भंगार गोळा करायलेत." पुढे कुणाची इस्त्री, कुणाचा कूलर माझ्याकडे येऊ लागला आणि तेच लोक म्हणू लागले, "बाईनी मोजलं म्हंजे मोजलं." हे मला फार आवडत असे. किती आवडत असे ते पुढे कळेल.

ती पेटी परळीच्या एका भंगारवाल्याकडे सापडली. तिला मेगर म्हणतात. मोटरीच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. त्या तारेतली वीज मोटरीच्या लोखंडी अंगात उतरू नये म्हणून मध्ये कागद, कापड, वॉर्निश असं आवरण असतं. ते आवरण धड आहे की नाही, हे मेगर सांगतो. दोन वायरी लावायच्या, हँडल गरगर फिरवायचं आणि काटा बघायचा. काटा शून्याकडे गेला तर वीज गळते आहे. आडव्या पडलेल्या आठाकडे, म्हणजे अनंताकडे गेला तर उत्तम. हँडल थांबलं की काटा कुठेही पडून राहतो, जागा मिळेल तिथे झोपलेल्या प्रवाशासारखा.

आतल्या दातेरी चाकांत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते रॉकेलनं धुतलं. झिजलेले कार्बन ब्रश बदलले. ज्या दिवशी हँडल फिरवलं आणि काटा सरळ आडव्या आठावर जाऊन उभा राहिला, त्या दिवशी मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग मला नीटनेटकेपणा सुचला. वायरी जोडायचे दोन पितळी स्क्रू होते, पण त्यांच्याजवळची इंग्रजी अक्षरं पुसून गेली होती. स्क्रूंमधली पट्टी बिस्किटी रंगाची. मी ठरवलं, नावं मराठीत लिहू, म्हणजे फोटोत तुम्हालाही वाचता येतील. शाई पसरली तर डाग कायमचा, म्हणून चित्रकलेची मऊ काळी पेन्सिल घेतली. फूटपट्टी धरून एका स्क्रूच्या बुडापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत एक लांब शिरोरेघ ओढली, ठळक दिसावी म्हणून दोनदा गिरवली, आणि तिच्याखाली "लाइन" आणि "अर्थ" ही अक्षरं टांगली; लाइन तारेची बाजू, अर्थ लोखंडी अंगाची. फोटो काढून तुम्हाला पाठवला. तोच तुमच्या भिंतीवर आहे. माझी चूक त्यात स्वच्छ दिसते.

आता दुसरी बाई. वडवणीत बसस्टँडच्या मागे मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरण्याचं, एक दुकान आहे. बापाची नजर अधू झाल्यावर ते त्याची मुलगी चालवू लागली. माझी विद्यार्थिनी, सातवीत मागच्या बाकावर बसून बडबड करायची. हात फार चलाख, तोंड त्याहून. लहानसहान पंखे, मिक्सर तिच्याकडे येत. मोठी मोटर मात्र कुणी देत नसे. "बाईमाणसाच्या हातची वायंडिंग टिकती का?" असं तिच्या तोंडावर म्हणत. ती म्हणे, "भाकर टिकती तुमच्या पोटात, वायंडिंग टिकंना व्हय?"

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा सिरसाळ्याचा त्यांचा नेहमीचा कारागीर लग्नाला गेला होता. म्हणून ती मोटर तिला मिळाली. पहिली मोठी मोटर. हिच्यावर तिचं दुकान एक तर चढणार होतं, नाहीतर पंख्या-मिक्सरवरच राहणार होतं. हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं.

मोटर तयार झाली त्या दिवशी शेजारी मला म्हणाले, "बाई, तुमची पेटी घ्या अन् चला. पोरीनं काय करून ठिवलंय बघू."

ते मोटरसायकलवर, मी मागे पेटी मांडीवर धरून. मला जावंसं वाटत होतं ते तिच्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

दुकानासमोर पाचसहा माणसं उभी होती. पोरगी सिरीजच्या दिव्याची, म्हणजे वीज गळली तर पेटणाऱ्या दिव्याची, वायर मोटरीच्या अंगाला लावून दाखवत होती. "बघा मामा, दिवा लागतो का? बॉडीला करंट न्हाई."

मी म्हणाले, "दिव्यानं फक्त मोठी गळती कळते. मोजायला हवं."

"मोजा की बाई. मला काय भेव हाय?"

वायरी लावल्या. हँडल फिरवलं. काटा शून्याच्या बाजूला, अर्ध्या मेगोहमच्याही खाली जाऊन थांबला. नव्या वायंडिंगला हे अजिबात शोभणारं नव्हतं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मी शाळेत इतकी वर्षं शिकवत आले: उत्तर विचित्र आलं तर आधी आपलं साधन तपासा. वायरी काढून एकदा नुसतं हँडल फिरवायचं, बस. पण पेटी तर मी तपासली होती, त्यावर नावंसुद्धा घातली होती. नाव घातलं की काम संपलं, अशी माझी सवय. मी चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "गळती आहे. तार सोलली गेली असावी. ही लावली आणि उद्या कुणाला शॉक बसला तर?"

"तार सोलली न्हाई बाई. एकेक वेढा मी हातानं बसवलाय."

"काटा खोटं बोलत नाही, पोरी. पुन्हा कर."

शेजारी हसले. "पुन्हा कर, पुन्हा! पोळी करपली तर दुसरी लाटतीसच की."

तिनं सगळी तार काढली. चांगली तार, चांगली गुंडाळी. पुन्हा भरली, वॉर्निश लावलं, उन्हात वाळवली. आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. या वेळी माणसं जास्त होती. मी हँडल फिरवलं.

काटा त्याच जागी जाऊन थांबला. त्याच आसपास नव्हे, अगदी त्याच जागी.

दोन वेगळ्या वायंडिंगा एकसारख्या बिघडू शकतील, पण केसाइतकाही फरक न ठेवता? दोष तिच्यात नाही, माझ्या पेटीत आहे, हे मला तिथेच, हँडल हातात असताना, जवळजवळ कळलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळेच बघत होते.

मी म्हणाले, "हं. घरी जाऊन जरा विचार करते."

चुका सगळ्यांच्या होतात. पण त्या "हं"साठी मला तुमच्यासमोर मान वर करवत नाही.

शेजाऱ्यांना तेवढं पुरे झालं. "बाई काय बोलणार बिचाऱ्या, त्यांच्याच वर्गातली पोरगी. चला, उचला रे मोटर. सिरसाळ्याला न्यायची." ती म्हणाली, "मामा, येक डाव लावून तर बघा," पण मोटर ट्रॉलीत चढलीसुद्धा. मी पेटीचं झाकण लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी खिडकीत घेतली. एकही वायर न लावता हँडल फिरवलं. काटा त्याच जागी. आणि मग तिरप्या उन्हात ती रेघ चमकली.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. दोन्ही टोकांना टोक काढलेली पेन्सिल, एक सेल, एक छोटा दिवा: सातवीचा प्रयोग. मी स्वतःच्या हातानं दोन स्क्रूंमध्ये विजेला रस्ता आखून दिला होता, तोही फूटपट्टी धरून. मी दर वेळी मोजत होते ती माझी शिरोरेघ.

पहिल्यांदा मी खोडरबर घेतलं. रेघ खोडली, स्पिरिटनं पुसली, हँडल फिरवलं. काटा आडव्या आठावर. आणि क्षणभर काय मनात आलं तेही सांगते: आता कुणाला कळणार नाही. मग तुम्हाला पाठवलेला फोटो आठवला. प्रामाणिकपणा आठवला असता तर बरं झालं असतं. आठवला तो फोटो.

दुकानात ती एकटीच पंख्याचं बेअरिंग ठोकत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं हातोडी खाली ठेवली नाही.

"पेन्सिलीची रेघ?"

"हो."

"तुमीच शिकवलंत की बाई. दिवा लागला तवा मी टाळ्या पिटल्या म्हणून मला भायेर उभं केलतंत."

मला ते आठवत नव्हतं. मी म्हणाले, "माझं चुकलं."

"मला सांगून काय उपेग? मी वायंडिंग चांगली केली हे मला म्हाईतच हाय. लोकाला सांगा. मी सांगितलं तर म्हणतेन, बाईमाणूस रडायलंय."

शेजाऱ्यांकडे तशीच गेले. ते अंगणात चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घरात हाक मारली, "आगं ऐकलं का? पोरीचं दुकान चालावं म्हणून बाई सोताच्या अंगावर घ्यायलेत. असं मन पाह्यजे."

"अहो, खरंच माझी चूक आहे."

"न्हाई न्हाई, कळतंय मला. शिक्षकाचं काळीज ते." आणि मला चहा दिला.

सिरसाळ्याच्या कारागिरानं ती मोटर ऐकीव गोष्टीवरच उघडली, तार काढून फेकली, आपली भरली. मोटर चालू झाली. तिचं काम चांगलं होतं, हे दाखवायला आता काहीच उरलं नव्हतं.

मग मी आठवडी बाजाराच्या दिवशी तिच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसले. कागदावर पेन्सिलीची रेघ काढायची, वायरी टेकवायच्या, हँडल फिरवायचं, काटा शून्याकडे जातो ते दाखवायचं आणि सांगायचं, बघा, हे असं झालं, दोष माझा. माणसं जमली. "अजून जाड काढा की रेघ!" "माझ्या हाताला लावा बाई!" एक म्हातारा म्हणाला, "जादू बरी हाय, पन चूक कुनाची झाली म्हनला?" पुढच्या बाजारी गर्दी वाढली. तिसऱ्या बाजारी मी रेघा काढायला जाड कागद नेला. खडू-फळा मिळाल्यासारखा माझा आवाज चढला होता, आणि मला मजा येऊ लागली होती. शरम सांगायला बसले होते, आणि पुन्हा लोक माझंच कौतुक करत होते.

शेवटी तीच दुकानातून बाहेर आली. "बाई, आता पुरं. गिऱ्हाईक मोटर घरी ठिवून तुमचा खेळ बघाय येऊ लागलंय."

मी कागद गोळा केले.

"पेटी आता नीट हाय का?"

"आहे."

"मग ती हितं राहू द्या. हँडल मी फिरवणार. तुमी यायचं तर या, पन बोलायचं न्हाई. कुनी इचारलं, बाई बरोबर हाय का, तरी बोलायचं न्हाई."

म्हणून ती पेटी माझ्या टेबलावर नाही.

मी आठवड्यातून एकदा जाते. स्टुलावर बसते. कुणी विचारतं, "काय बाई, बरोबर सांगायली का ही?" तेव्हा हो म्हणायला जीभ वळवळते, कारण बरोबरच असतं. पण मी बोलत नाही. माझ्या होकारानं तिचं काम खरं ठरायचं असेल, तर माझ्या नकारानं ते पुन्हा खोटंही ठरेल. विचारणारा तिच्याकडे वळतो आणि तिलाच विचारतो. विहिरीच्या दोन मोटरी तिला आल्या आहेत. शेजाऱ्यांची या उन्हाळ्यात पुन्हा बिघडली. ट्रॉली तिच्या दुकानासमोरून सिरसाळ्याला गेली. मी बसलेलीच होते. त्यांनी मला हात केला.

नवी मोटर आली की ती आधी वायरी काढून ठेवते आणि नुसतं हँडल फिरवते. गिऱ्हाइकाला म्हणते, "आधी पेटीची परीक्षा, मग मोटरीची." काटा आडव्या आठावर जाऊन उभा राहतो. तो तिथे स्थिर असेपर्यंत ती काट्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. मग वायरी जोडते.