दोन तासांतला देव

काल आमच्या वाचनालयात परदेशी सिनेमा होता. शेजारच्या कुसुमला मी ओढूनच नेलं. तिची लेक मनू कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, बाईला जरा मोकळीक नको का?

पडद्यावरची आई आजारी मुलीसाठी मेणबत्ती लावून गुडघ्यांवर बसली, तशी कुसुमनं खुर्चीतच हात जोडले. मागून कुणीतरी हसलं, "आजी, पिक्चर आहे हो!" शेवटी ती मुलगी उठून चालायला लागली आणि टाळ्या पडल्या.

मी बाई पुष्कळ सिनेमे पाहिलेत. कुठल्याही मुलखातला असो, त्यातला देव दोन तासांत येतोच. नाही आला, तर त्या न येण्याचाही केवढा थाट! चादरी बदलायच्या, पाठीच्या जखमा पुसायच्या आणि त्याच हातांनी सांजवात लावायची, हे रोजचं मात्र कुणी दाखवत नाही.

कुसुमला सोडायला तिच्या घरी गेले, तर मनूनं आईला विचारलं, "काय होतं गं पिक्चरमध्ये?"

"तुझ्यासारखीच एक पोरगी, अंथरुणावर."

"उठली?"

कुसुम भात कालवत म्हणाली, "नाही गं. आई बिचारी मेणबत्त्या लावत राहिली."

मनूचा चेहरा सैल झाला. "मग चांगला असणार पिक्चर," ती म्हणाली, आणि घासासाठी तिनं तोंड उघडलं.